उभं राहिलं की हात उडतो: मेंदूच्या अपुऱ्या रक्तपुरवठ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. रुग्ण ६७ वर्षांचे. इथे त्यांना तात्या म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. उभी हयात ऊसतोडीत गेली. आधी कोयता, मग काही वर्षं टोळीचे मुकादम. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कोणत्या जोडीने किती उचल घेतली, किती फिटली, किती बाकी राहिली, हे सगळं तोंडपाठ. बीडी मिसरूड फुटायच्या आधीपासून. बीपी बारा वर्षांपासून, साखर सहा वर्षांपासून. थोरला मुलगा आणि सून दिवाळीनंतर टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जातात ते हंगाम संपल्यावरच परततात. त्यामुळे वर्षातले पाच-सहा महिने घरी तात्या आणि त्यांच्या पत्नी, दोघंच.

दोन वर्षांपासून तक्रार अशी: डोकं जड, उठलं की भोवळ, चालताना तोल जाणं आणि हिशेब न जमणं. "काय ध्यानातच राहीना गेलंय" हे त्यांचं स्वतःचं वाक्य. निदान ठरलेलं होतं: मेंदूला रक्त कमी जातंय. उपायही ठरलेला: दर उन्हाळ्यात दहा दिवस सलाईनच्या बाटल्या, त्यात मेंदूसाठी म्हणून दिली जाणारी पिरॅसिटॅम आणि सिटिकोलिनची इंजेक्शनं, आणि वर्षभर चकरेसाठी सिनारिझिनची गोळी. बाटल्या लावल्या की पंधरा-वीस दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

ही पद्धत एका कुठल्या डॉक्टरची नाही. आपल्याकडे ती गावोगाव आहे, आणि रुग्णच येऊन "बाटल्या लावा" म्हणतात. तात्यांना बाटल्यांनी खरोखर बरं वाटत होतं, आणि प्रकरणाची किल्ली नेमकी तिथेच होती. ते पुढे येईलच.

नेमकी अडचण

फेब्रुवारीपासून एक नवी गोष्ट सुरू झाली. उजवा हात मधूनच आपोआप उडायचा. फिट समजून फेनिटोइन सुरू झालं. हात उडायचा थांबला नाही, तोल मात्र आणखी जायला लागला.

मे महिन्यात मुलगा हंगामावरून परतला आणि त्यांना आमच्याकडे घेऊन आला. सोबत रिपोर्टची पिशवी होती, पण कामाची माहिती दिली ती तात्यांच्या पत्नीने: "ह्ये उठले की हात उडतोय, बसले की बंद. झोपेत कवाच नाही." दुपारी पोटभर जेवून उठले की जास्त, उन्हातून आले की जास्त. तोंड वाकडं होत नाही, शुद्ध जात नाही, दातखीळ बसत नाही.

फिट उभं राहण्या-बसण्याचा हिशेब ठेवत नाही. ती झोपेतही येते. उभं राहिल्यावर येणारी आणि आडवं झाल्यावर जाणारी थरथर म्हटली की रक्ताच्या दाबाकडेच बघावं लागतं.

बसून बीपी १२८/७०. बारा वर्षं बीपी असलेल्या, साखर असलेल्या माणसाचं हे बीपी बघून कुणीही "मस्त कंट्रोल" म्हणेल, आणि दोन वर्षं तसंच म्हटलं जात होतं. दोन्ही हातांत सारखंच होतं, म्हणजे खांद्याकडे जाणाऱ्या धमनीत मोठा अडथळा असण्याची शक्यता मागे पडली. मग त्यांना उभं केलं. एका मिनिटाला १०६/६४. तिसऱ्या मिनिटाला ९८/६०, आणि त्याच वेळी त्यांच्या उजव्या हातातली रिपोर्टची प्लास्टिकची पिशवी खुळखुळायला लागली. मनगटापासून कोपरापर्यंत हात संथ, एका लयीत हलत होता. गावाचं नाव विचारलं तर सांगितलं, पण शब्द अडखळत. टेबलावर आडवं करून पाय वर उचलल्यावर मिनिटाभरात हात शांत झाला, बोलणंही सुधारलं. डावीकडे जबड्याच्या खाली स्टेथोस्कोप ठेवला तर प्रत्येक ठोक्याला फुसफुस आवाज येत होता.

या प्रकारचे झटके मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९६२ मध्येच नोंदवले आहेत. मेंदूच्या एका बाजूला जाणारी मानेतली कॅरोटिड धमनी फार अरुंद झाली की विरुद्ध बाजूचा हात किंवा पाय असा उडतो. ती अर्धांगवायूची आगाऊ सूचना असते. फिटचं औषध त्यावर चालत नाही.

तपासण्या आणि त्यांचा अर्थ

मानेचा डॉप्लर, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, त्याच आठवड्यात झाला. डाव्या आतल्या कॅरोटिड धमनीत, फाट्याच्या जागी, जवळपास ९० टक्के अडथळा. उजवीकडे ५० टक्के. लातूरला एमआरआय आणि धमन्या दाखवणारा सीटी अँजिओ केला, त्यातही तेच दिसलं. डाव्या मेंदूच्या पांढऱ्या भागात मण्यांच्या माळेसारखे ओळीने जुने छोटे डाग होते. शिवाय दोन्ही बाजूंना बारीक रक्तवाहिन्यांच्या जुनाट आजाराचे मध्यम प्रमाणातले बदल होते, जे बीपी आणि साखर वर्षानुवर्षं असलेल्यांत दिसतात.

डागांची ही माळ महत्त्वाची होती. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के त्याला लागतं. दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली. ते २० च्या आसपास आलं की पेशी काम थांबवतात, १० च्या खाली गेलं की मरायला लागतात. दाब थोडाफार वर-खाली झाला तर मेंदूतल्या बारीक धमन्या स्वतः रुंद-अरुंद होऊन पुरवठा सांभाळतात. पण तात्यांच्या डाव्या बाजूच्या धमन्या आधीच पूर्ण रुंदावलेल्या होत्या, त्यांच्याकडे आणखी रुंदावायला जागा नव्हती. अशा वेळी दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दीवरचा भाग आधी कोरडा पडतो. ठिबकच्या लाइनीत दाब कमी पडला की टोकाच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच. डाग नेमके त्या टोकाच्या पट्ट्यात होते. गुठळ्याच सुटून गेल्या असत्या तर डाग बहुधा वेगळ्या जागी दिसले असते.

आता बाटल्यांचं कोडं सुटतं. तात्या बीपीसाठी टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि लघवीवाटे पाणी काढणारी क्लोरथॅलिडोन घेत होते. शिवाय लघवी अडखळते म्हणून रात्री प्राझोसिन, जे उभं राहिल्यावरचा दाब हमखास पाडतं. त्यात मराठवाड्याचा मे महिना आणि लघवीला सारखं उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय. अशा माणसाला दहा दिवस सावलीत झोपवून रोज अर्धा लिटर मिठाचं पाणी शिरेतून दिलं तर उभं राहिल्यावरचा दाब वाढणारच. बरं वाटत होतं ते सलाईनने, आणि श्रेय जात होतं आत टाकलेल्या महागड्या इंजेक्शनांना.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, बाटल्या चालू ठेवणं. कुटुंबाचा कल तिकडेच होता. पिरॅसिटॅम आणि सिटिकोलिनने ९० टक्के बुजलेली धमनी उघडत नाही. अशा अडथळ्यात पुढचा अर्धांगवायू त्यांनी टळतो याला भक्कम आधार नाही.

दुसरा, नुसती औषधं: गुठळी होऊ न देणारी अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, जास्त मात्रेत अॅटोर्वास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन), बीडी बंद, आणि बीपीच्या गोळ्यांची फेरमांडणी. काही झालं तरी हे करायचंच होतं. प्रश्न एवढाच होता की ते पुरेल का. लक्षणं देणाऱ्या ७० ते ९९ टक्के अडथळ्यांबद्दल १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या नॅसेट या चाचणीत दोन वर्षांत त्याच बाजूचा अर्धांगवायू औषधांवरच्या गटात २६ टक्के जणांना झाला, शस्त्रक्रियेच्या गटात ९ टक्के जणांना. त्या काळी स्टॅटिनचा वापर आजसारखा नव्हता, त्यामुळे आज औषधांवरचा धोका त्यापेक्षा कमी असावा. पण दाबच अपुरा पडल्यामुळे वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाचं काम गोळ्यांवर भागेल यावर भिस्त ठेवायची माझी तयारी नव्हती.

तिसरा, धमनी उघडून आतला थर खरवडून काढणं, म्हणजे एंडार्टरेक्टॉमी. चौथा, स्टेंट, म्हणजे धमनी आतून उघडी ठेवणारी जाळी. या दोन्हींची तुलना करणाऱ्या २०१० च्या क्रेस्ट चाचणीत प्रक्रियेच्या काळात अर्धांगवायू स्टेंटवाल्यांत ४.१ टक्के आणि शस्त्रक्रियावाल्यांत २.३ टक्के होता. हार्ट अॅटॅकचं प्रमाण उलटं, १.१ आणि २.३ टक्के. सत्तरीच्या पुढे शस्त्रक्रियेचं पारडं जड होतं, त्याखाली फरक कमी होतो. तात्या अगदी उंबरठ्यावर.

मेंदूत बाहेरून धमनी जोडून देणारी बायपास कुटुंबाने मोबाइलवर वाचली होती आणि ती होईल का म्हणून विचारलं. ती पूर्ण बंद धमनीसाठी तपासली गेली होती. २०११ च्या कॉस चाचणीत पहिल्या ३० दिवसांतच शस्त्रक्रियेच्या गटात १४.४ टक्के जणांना अर्धांगवायू झाला, औषधांच्या गटात २ टक्के. दोन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखे निघाले आणि चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. तात्यांची धमनी पूर्ण बंद नव्हती, त्यामुळे हा विषय तिथेच संपला.

काय केलं

पहिला निर्णय त्याच दिवशी घ्यायचा होता आणि तो कुटुंबाला सर्वांत विचित्र वाटला: बीपीच्या गोळ्या कमी करणं. क्लोरथॅलिडोन आणि प्राझोसिन बंद केलं, लघवीसाठी टॅमसुलोसिन दिलं, जे दाब तुलनेने कमी पाडतं. अॅम्लोडिपिन निम्मं केलं. बसून वरचा आकडा १४० ते १५० चालेल, उभं राहून १२० च्या खाली नको, असं ठरलं. मुलगा म्हणाला, "सायब, बारा वर्षं सगळे बीपी कमी करा म्हणायले, आन् तुम्ही वाढवायलात?" प्रश्न रास्त होता. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात बीपी आटोक्यात ठेवणं हाच मुख्य इलाज. २०१९ च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात बीपी १२० च्या खाली नेणाऱ्यांत सौम्य विस्मरणाचं प्रमाण कमी आढळलं. तात्यांना तोही आजार होता. एकाच डोक्यात दोन आजार, आणि दोघांची बीपीची मागणी उलटसुलट. आधी धमनी उघडायची, तोवर दाब थोडा चढा ठेवायचा, मग कडक करायचा, असा क्रम लावला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत होतं की १५० फार होतं, १४० च्या वर जाऊ देऊ नये. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. यावर घट्ट नियम नाही.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन सुरू झालं. सिनारिझिन बंद केलं. म्हाताऱ्या माणसांत ते महिनोन्महिने चाललं की कंपवातासारखा ताठरपणा आणि मंद चाल येऊ शकते, आणि तात्यांची डावी बाजूही ताठर होती, जी डाव्या धमनीवर लादता येत नव्हती. फेनिटोइन हळूहळू उतरवलं. दिवसभरात पाणी पिण्याच्या वेळा बांधून दिल्या. उठताना आधी खाटेच्या कडेला बसायचं, पोटऱ्या आवळायच्या, मग उभं राहायचं. संडासासाठी कमोडची खुर्ची आणली, कारण उकिडवं बसून उठताना सर्वांत जोराचा झटका यायचा.

एवढ्यावर आठवड्याभरात झटके दिवसाला चार-पाचवरून आठवड्याला एक-दोनवर आले. आणि इथे पेच पडला. गोळ्या कमी करून एवढं बरं वाटतंय तर मान कापायची कशाला, असं भावकी म्हणायला लागली. त्यात मृगाचा पाऊस तोंडावर, सोयाबीनची पेरणी डोक्यावर. "आषाढीची वारी करून येऊ, मग बघू" असा प्रस्ताव खुद्द तात्यांचा. उन्हातून पायी वारी, एकादशीचा उपवास आणि गर्दीत तासन् तास उभं राहणं. त्यांच्या धमनीसाठी याहून वाईट बेत सुचला नसता. शेवटच्या झटक्यानंतर शस्त्रक्रियेचा फायदा सर्वाधिक पहिल्या दोन आठवड्यांत असतो आणि दिवसागणिक कमी होत जातो, हे पत्नी आणि मुलाला बसवून सांगितलं. पत्नीने निर्णय केला. पेरणी चुलत्यांनी केली.

हृदयाची तपासणी ठीक निघाली. धमनीचा फाटा वळणदार होता आणि आतला थर चुन्यासारखा कडक, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या सर्जननी स्टेंटऐवजी शस्त्रक्रिया सुचवली. ती पुण्यात झाली. रेशन कार्ड, आरोग्यमित्र, जनआरोग्य योजनेत बसतं का याची विचारपूस, मंजुरी, या सगळ्यात डॉप्लरपासून शस्त्रक्रियेपर्यंत पाच आठवडे गेले.

शस्त्रक्रियेनंतर बीपीचा नियम उलटला. वर्षानुवर्षं कमी दाबाला सरावलेल्या, पूर्ण रुंदावलेल्या धमन्यांत एकदम पूर्ण दाबाचं रक्त शिरतं; त्या आवळून घ्यायला विसरलेल्या असतात. डोकेदुखी, झटके, क्वचित रक्तस्राव असा हा धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक, पण महिनाभर राहतो. म्हणून आता १४० च्या वर जाऊ द्यायचं नव्हतं. घरच्यांचा गोंधळ होणार हे उघड होतं, म्हणून दोन रंगांचे दोन कागद करून दिले: शस्त्रक्रियेआधीचा पिवळा, नंतरचा पांढरा. पिवळा त्यांच्यासमोरच फाडून टाकला. पांढऱ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: डावीकडे डोकं ठणकलं तर बाम चोळत बसू नका, बीपी मोजा आणि १०८ ला फोन करा.

परिणाम

हात उडणं शस्त्रक्रियेनंतर एकदाही झालं नाही. चाल सुधारायला मात्र चार महिने लागले, आणि त्यात धमनीपेक्षा सिनारिझिन बंद केल्याचा वाटा मोठा असावा, कारण ताठरपणा दोन्ही बाजूंनी कमी झाला.

स्मरणाचं उत्तर इतकं सरळ नाही. शस्त्रक्रियेआधी "पन्नास हजार उचल, साडेएकोणतीस हजार फिटली, बाकी किती" यावर तात्या नुसते बघत राहायचे. सहा महिन्यांनी ते सावकाश, बोटं मोजत, बरोबर सांगतात. पण दोन हिशेब एकदम दिले की गडबडतात. जुने डाग आणि बारीक रक्तवाहिन्यांचे बदल तसेच आहेत. कुटुंबाला "बुद्धी परत येईल" असं आम्ही आधी सांगितलं नव्हतं. शस्त्रक्रिया अर्धांगवायू टाळण्यासाठी आहे, एवढंच सांगितलं होतं. त्यामुळे जे सुधारलं ते नफ्यात धरलं गेलं.

बीडी सुटली. तंबाखू सुटली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

उभं राहून बीपी मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, तीन मिनिटं लागतात. दोन वर्षांत ते एकदाही मोजलं गेलं नव्हतं. चक्कर सांगणाऱ्या आणि बीपीच्या दोनपेक्षा जास्त गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं ते पहिल्याच भेटीत व्हायला हवं. तात्यांच्या बाबतीत तेवढ्यानेही पहिल्या बाटलीआधीच अर्धं काम झालं असतं. उलट बाजूही सांगायला हवी: चक्कर म्हणजे मानेची धमनी असं समीकरण धरून सगळ्यांचे डॉप्लर करत सुटणं हाही वेडेपणाच. बहुतेकांची चक्कर कानातली, रक्त कमी असल्याची किंवा गोळ्यांची निघते.

फिटचा शिक्का बसण्याआधी घरच्यांना झटक्याचा व्हिडिओ काढायला सांगता आला असता. पुतण्याच्या मोबाइलमध्ये तो मार्चपासून होता. कुणी मागितलाच नव्हता.

पाच आठवडे हा सर्वांत बोचणारा भाग. डॉप्लरचा रिपोर्ट हातात आल्याच्या दिवशीच सर्जनशी फोनवर बोलणं आणि योजनेची कागदपत्रं सुरू करणं शक्य होतं. सीटी अँजिओची वाट बघून मग कागद हलवले गेले. या काळात त्यांना भरती करून आडवं ठेवावं का, हाही विचार झाला होता. झटके कमी होत होते म्हणून घरी ठेवलं. ते वाढले असते तर भरती हाच मार्ग होता, आणि कोणत्या आकड्याला भरती करायचं हे आधी लिहून ठेवलं असतं तर घरच्यांना रात्री-अपरात्री तर्क लढवावा लागला नसता.

पुढचा पेच उन्हाळ्याचा आहे. आता बीपी १३० च्या आत ठेवलं आहे, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी ताई महिन्यातून दोनदा बसून आणि उभं राहून मोजून वहीत लिहितात. एप्रिल लागला की अॅम्लोडिपिन पुन्हा निम्मं करायचं का, हे त्या वहीतल्या उभ्याच्या आकड्यांवर ठरेल. उजवीकडच्या ५० टक्क्यांचा डॉप्लर वर्षातून एकदा, मुलगा हंगामावरून परतल्यावर. दोघंच घरी असतात त्या महिन्यांत गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरून द्यायचं काम शेजारच्या पुतण्याने घेतलं आहे, तोच व्हिडिओवाला.